टायरच्या कारखान्यात आमची पोरं

मंगळवेढा तालुक्यात टायरचा कारखाना नाही आणि रबराचं झाडही नाही. काळ्या रानात मालदांडी ज्वारी येते. दक्षिणेकडच्या गावांत पावसाने मनावर घेतलं तरच येते. तरीही आयटीआयची परीक्षा उरकली की पोरांच्या तोंडी ज्या चार-पाच कंपन्यांची नावं फिरतात, त्यांत टायरची एखादी हमखास असते. मी फिटर ट्रेडचा निदेशक. कानस धरायला शिकवणं हे माझं काम; पण अलीकडे पोरांच्या हातातले कागद वाचून दाखवणंही माझ्याच गळ्यात पडलंय. "सर, कंपनीचं लेटर आलं," म्हणत पोरगं येतं. लेटरवर मथळ्याला पुण्यातल्या कुठल्या तरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचं नाव, आणि टायर कंपनीचा उल्लेख खाली कुठे तरी, 'कामाचे ठिकाण' या रकान्यात. "यात तुझा मालक कोण रे?" असं विचारलं की पोरगं माझ्याकडेच बघत राहतं. त्याच्या लेखी जिथे टायर होतात ती कंपनी, आणि कंपनी म्हणजेच मालक.

रबर उद्योगात नोकऱ्या कमी झाल्या का, असं मला पालक विचारतात. कमी झाल्या नाहीत. देशात वर्षाला २० कोटींच्या वर टायर होतात, नवे कारखाने उभे राहतात, परदेशी माल जातो. काम भरपूर आहे. आटली ती कायम नोकरी, आणि ती आटण्याची कारणं एकाच कोणाच्या माथी मारता येत नाहीत.

माझे मामा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला गेले. सडकेवर खडी फोडून हात सोलवटले होते. गावच्याच एका माणसाच्या ओळखीने टायरच्या कारखान्यात बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. तेव्हाची मुंबई कापडाइतकी नसली तरी टायरचीही होती. शिवडीला फायरस्टोन, भांडुपला सीएट. सीएट ही मूळची इटलीची, तुरिन शहरात १९२४ साली सुरू झालेली. १९५८ साली ती भारतात आली आणि १९८२ साली गोयंकांच्या आरपीजी समूहाकडे गेली. पुण्याच्या जुन्या लोकांना खडकीचं स्वस्तिक रबर आठवत असेल. मामा सातवी शिकलेले. भरतीच्या वेळी त्यांचं शिक्षण कोणी विचारलं नाही, अंगपिंड बघितला. दिवाळीला बोनस, ठरावीक वर्षांनी युनियनचा वेतनकरार, ईएसआयचं कार्ड, आणि हजेरीपटावर थेट कंपनीच्या नावाखाली त्यांचं नाव. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून धाकट्या मुलीचं लग्न केलं आणि विहीर पाडली. विहिरीला पाणी लागलं नाही, तो भाग वेगळा.

मामांच्या हाती जे काम होतं, ते आधी समजून घेऊ. त्याशिवाय माणसं कुठे लागतात आणि कुठे लागेनाशी झाली, हे ध्यानात येत नाही.

रबराचा चीक मुख्यतः केरळातून येतो, आता त्रिपुरातूनही. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला केरळी बागायतदारांनी रबर लावलंय, पण ते थोडं. २०२३-२४ साली देशात सुमारे साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर निघालं आणि कारखान्यांना लागलं चौदा लाख टनांच्या वर. राहिलेलं बाहेरून आणायचं. यातला मोठा हिस्सा टायर खातात; त्याशिवाय पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम रबर वेगळं. ही सगळी सामग्री कारखान्यात आली की पहिला मुक्काम बॅनबरी मिक्सर. दोन-तीन मजली उंच यंत्र. वरून रबर, काजळीसारखा कार्बन ब्लॅक, गंधक, तेल आणि बाकी रसायनं पडतात आणि खाली काळा चिवट गोळा येतो. हा गोळा आपल्या ज्वारीच्या उंड्यासारखा असतो. हवा तसा थापता येतो, पण भाजल्याखेरीज उपयोगाचा नाही. गंधक घालून तापवलं की रबर घट्ट होतं आणि पुन्हा वितळत नाही, हे अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधलं. आजही प्रत्येक टायर त्याच तत्त्वावर भाजला जातो. कारखान्यात त्याला क्युरिंग म्हणतात.

मिक्सिंग आणि क्युरिंग यांच्या मधे टायर बिल्डिंग. खरी कारागिरी इथे. फिरत्या ढोलासमोर माणूस उभा असतो. आधी हवा धरणारा आतला पातळ थर गुंडाळायचा, त्यावर रबर चढवलेलं दोऱ्यांचं कापड, मग दोन्ही बाजूंनी पोलादी तारेची कडी, म्हणजे बीड, बसवायची, कापडाचे काठ तिच्यावरून वळवायचे, बाजूच्या भिंती, पोलादी तारांचे पट्टे आणि सर्वांत वर रस्त्याला टेकणारा जाड ट्रेड. प्रत्येक थराचं एक टोक दुसऱ्यावर चढतं. हा सांधा ठरल्यापेक्षा जास्त चढला की टायर गाडीला बसल्यावर हादरे देतो. कमी पडला तर कधी तरी तिथूनच फुगतो. माझा एक जुना विद्यार्थी, नंदेश्वरकडचा, या खात्यात होता. सुट्टीवर आला की वर्कशॉपमध्ये येऊन हातवारे करून दाखवायचा. डाव्या हाताची बोटं कापडाच्या कडेवरून कशी सरकतात, अंगठा सांध्यावर कसा दाबायचा, पायाने पेडल केव्हा मारायचं. समोर काही नसताना त्याचे हात ढोलाच्या वेगाने चालायचे. नखांच्या कडांना काळी रेघ कायमची. त्याची आई म्हणायची, उशीचा अभ्रा कितीही धुतला तरी पाणी काळंच निघतं.

असा कच्चा टायर, ग्रीन टायर म्हणतात त्याला, मग प्रेसमध्ये जातो. आत वाफेने फुगणारी पिशवी, बाहेर नक्षीचा साचा, दीडशेच्या वर तापमान. मोटारीचा टायर दहा-पंधरा मिनिटांत होतो, ट्रकच्या टायरला पाऊण तास लागू शकतो, आणि खाणीतल्या डंपरचा टायर कित्येक तास घेतो. मामा या क्युरिंग खात्यात होते. मेच्या उन्हात शेतात काम केलेल्या माणसाने, "आपलं ऊन परवडलं," असं म्हणावं, एवढी तिथे उष्णता.

मामांच्या काळातले टायर बहुतांशी बायस जातीचे. नायलॉनच्या दोऱ्यांचे थर आडवे-तिरपे चढवायचे. त्यात थोडंफार इकडे-तिकडे चालून जायचं आणि हातावर भिस्त होती. मग रेडियल आले. दोरे सरळ, वर पोलादी पट्टे, आणि काम तंतोतंत. मोटारींचे टायर आता जवळजवळ सगळे रेडियल आहेत, ट्रक-बसचेही निम्म्याच्या पुढे गेलेत. रेडियलला हाताचा अंदाज चालत नाही, यंत्राचं मोजमाप लागतं. म्हणून नवा कारखाना उभा राहतो तो वेगळ्याच रूपात. मिक्सिंगचं वजन संगणक करतो, कच्चा टायर आपोआप चालणाऱ्या गाड्यांवरून प्रेसकडे जातो, तयार टायरचा एक्स-रे निघतो. सीएटच्या गुजरातेतल्या हलोल कारखान्याची जागतिक आर्थिक मंचाने २०२३ साली आदर्श डिजिटल कारखान्यांच्या यादीत निवड केली. जुन्या कारखान्यातल्या लोकांना हाकलून यंत्रं आणली, असं सरसकट झालेलं नाही. झालं असं की जुना कारखाना तसाच हळूहळू म्हातारा होत गेला, आणि वाढीव उत्पादन नव्या जागी, टायरमागे कमी माणसं लावून निघू लागलं.

आयटीआयवाल्याला हे लगेच कळतं, कारण मागणी बदलते. पूर्वी कंपन्या "दणकट मुलं द्या" म्हणायच्या. आता इलेक्ट्रिशियन हवा, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हवा, फिटर हवा पण हायड्रॉलिक्स आणि पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, समजणारा. आमच्या वर्कशॉपमध्ये पीएलसीचा एक संच आहे आणि त्याच्याभोवती अख्खी तुकडी उभी राहते. मागच्या पोराला फक्त पुढच्याची मान दिसते. त्यावर जास्त बोलत नाही, खात्यात अजून नोकरी करायची आहे.

जागाही सरकल्या. देशातला पहिला टायर कारखाना डनलॉपने १९३६ साली बंगालमध्ये, हुगळीकाठी साहागंजला काढला होता; तो कधीच थंडावला. शिवडीचा फायरस्टोन आधी बॉम्बे टायर्स झाला, मग मोदीस्टोन झाला, आणि शेवटी बंद पडला. मुंबईची जमीन टायरपेक्षा महाग झाली, हे त्यामागचं एक उघड कारण. महाराष्ट्रात हा धंदा मग नाशिकच्या सातपूरला, वाळूजला, चाकणला आणि नागपूरजवळ बुटीबोरीला गेला. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना २०१३ साली सुरू झाला, बुटीबोरीला सीएटचा त्यानंतर काही वर्षांनी. वाळूजला बीकेटी ट्रॅक्टरचे आणि शेतीयंत्रांचे टायर करते आणि त्यांतले बहुतेक परदेशी जातात. म्हणजे फ्रान्सच्या शेतातल्या ट्रॅक्टरखाली मराठवाड्यात भाजलेलं रबर असू शकतं. गोव्यात उसगावला एमआरएफ १९७३ पासून आहे. अलीकडची मोठी गुंतवणूक मात्र तमिळनाडू, तेलंगणा, आंध्र या बाजूला गेली. ती राज्यं जमीन देतात, सवलती देतात, बंदर जवळ आहे. आमच्या हुलजंती-सलगरच्या पोरांना कानडी येतं, त्यामुळे म्हैसूरला जायला ती घाबरत नाहीत. चेन्नईचं नाव काढलं की मात्र आई आडवी येते.

बाहेरच्या जगात तर उलटी गंगा आहे. मिशेलिनने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधले शोले आणि व्हान इथले दोन कारखाने बंद करायचं जाहीर केलं, बाराशेच्या वर कामगार त्यात गेले. गुडइयरने जर्मनीतल्या कारखान्यांबाबत त्याआधी एक वर्ष असाच निर्णय जाहीर केला होता. आशियातला स्वस्त टायर आणि तिकडची महाग वीज ही कारणं सांगितली जातात. त्याच वेळी भारताची टायर निर्यात वर्षाला २५ हजार कोटी रुपयांच्या घरात पोचली. २०२० साली केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, त्याचाही इथल्या कारखान्यांना हात मिळाला. वर्तमानपत्रात हे वाचून पालक खूश होतात : तिकडचं बंद पडतं म्हणजे इकडे येतं! माल इकडे येतो, हे खरं आहे. पण शोलेच्या कामगाराला कारखाना बंद करताना कंपनीला वाटाघाटी करून भरपाई द्यावी लागते. तसलं संरक्षण मालाच्या कंटेनरमधून येत नाही.

मग आमच्या पोरांना मिळतं काय? मिळणाऱ्या कामाचे आता इतके प्रकार झालेत की मलाच वही ठेवावी लागते.

पहिला अप्रेंटिस. १९६१ च्या कायद्याखालची ही जुनी आणि चांगली सोय. आयटीआय झालेल्याला २०१९ च्या नियमांनुसार महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. मोठ्या कंपन्या जास्त देतात. पण अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, शिकाऊ. फंड नाही, ईएसआय नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. २०१३ साली नीम नावाची आणखी एक योजना आली. शिकता शिकता कमवा, असा तिचा थाट होता. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या पट्ट्यात कितीतरी उत्पादन या 'प्रशिक्षणार्थींच्या' हातून निघालं. पोरं सरळ म्हणायची, "मी नीमवर आहे." काय शिकलास विचारलं तर सांगायची, "पॅकिंग." पुढे ती योजना गुंडाळली गेली, दुसऱ्या नावाच्या आल्या.

दुसरा प्रकार ठेकेदाराकडचा. कंत्राटी कामगारांचा जुना कायदा १९७० चा होता, आणि त्याचा हेतू कंत्राट आवरण्याचा होता, हे आता सांगितलं तर पोरांना हसू येतं. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत २०२२-२३ साली देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर शंभर कामगारांमागे चाळीसच्या वर कंत्राटी निघाले. २००० च्या सुमारास हे प्रमाण वीसच्या आसपास होतं. हा आकडा सगळ्या उद्योगांचा मिळून आहे. त्यातही सरकारी तक्त्यांत रबर आणि प्लास्टिक एकाच खान्यात बसवलेले असतात, त्यामुळे टायर आणि बादल्या शेजारी शेजारी.

तिसरा प्रकार ब्रेकचा. वर्षात २४० दिवस सलग भरले की कायद्याने काही हक्क लागू होतात, म्हणून त्याच्या आधी सातव्या महिन्यात पोराला ब्रेक. पोरगं गावी येतं, ज्वारी काढून होईपर्यंत थांबतं, आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा त्याच गेटातून आत जातं. मशीन तेच, गणवेशाचा रंग वेगळा. कायम कामगाराचा गणवेश निळा असेल तर याचा राखाडी. कँटीनच्या रांगेतच कळतं कोण कोणाचा.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. टायरची मागणी मोटारींच्या मागणीबरोबर वरखाली होते. कच्च्या रबराचा भाव त्याहून लहरी. २०११ च्या सुमारास किलोला २४० रुपयांच्या आसपास गेला, २०१६ साली शंभरापर्यंत घसरला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा २४० च्या पुढे. एका भरती मेळाव्यात चहा पिताना एका कंपनीचे व्यवस्थापक मला म्हणाले, "सर, रबराचा भाव माझ्या हातात नाही, विजेचा नाही, गाडीवाल्या कंपनीने ठरवलेली किंमतही नाही. हातात राहतो तो एकच खर्च." तो एकच खर्च म्हणजे आमचा नंदेश्वरचा पोरगा. माणूस प्रामाणिकपणे बोलला, म्हणून मला त्याचा राग आला नाही. पण भाव पडला तेव्हा नफा वाढला, त्या वर्षी तरी किती जण कायम केले, हा प्रश्न विचारायला हवा होता. चहा संपला होता.

टायरबाहेरचा रबर उद्योग लोकांना दिसतच नाही, आणि पोरं तर तिथेच जास्त खपतात. टायरचे कारखाने देशात साठेक असतील. बाकीचं रबर हजारो छोट्या युनिटांत जातं. कुकरची रिंग, गॅसची नळी, पाइपलाइनचं वायसर, कन्व्हेअर बेल्ट, पुलाखालचे रबरी बेअरिंग, चप्पल, ऑइल सील, दरवाजाची पट्टी. भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये सहा प्रेस, दहा माणसं आणि एक मालक, जो स्वतः सकाळी बॉयलर चालू करतो. इथे कायम-कंत्राटी हा भेदच नसतो, कारण कागदच नसतो. पण एक गोष्ट या शेडच्या बाजूने सांगतो : इथे पोरगं धंदा शिकतं. कंपाऊंड कसं करायचं, साचा कसा उघडायचा, माल खराब निघाला तर गंधक कमी पडलं की वेळ, हे त्याला दोन वर्षांत येतं. मोठ्या कारखान्यात पाच वर्षं एकाच स्टेशनवर काढलेल्या पोराला बाजूच्या यंत्राचं नाव सांगता येत नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये रबराची संशोधन संस्था आहे, पूर्वीची इर्म्रा. तिथे चाचण्या होतात, अभ्यासक्रमही चालतात. आमच्याकडून तिकडे कोणी जात नाही, कारण त्या नावाची पाटी आमच्या पोरांनी कधी वाचलेलीच नाही. ही चूक पोरांची नव्हे.

विजेच्या गाड्या आल्यावर या दोन भागांची वाट वेगळी होणार आहे. विजेची गाडी बॅटरीमुळे जड, तिचा जोर एकदम सुटतो, त्यामुळे टायर लवकर झिजतो; टायरवाल्याला तिचं वाईट वाटायचं कारण नाही. पण तिला इंजिन नाही. म्हणजे टायमिंग बेल्ट नाही, इंजिनाच्या ऑइल सील नाहीत, इंधनाच्या नळ्या नाहीत. भोसरीच्या ज्या शेडला इंजिनाच्या नळ्यांचंच काम आहे, तिने आतापासून दुसरा माल शोधायला हवा. हे मी तिथल्या एका मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "आमची गाडी डिझेलची आहे तोवर चालू द्या."

गावाकडेही रबरावर पोट भरणारे आहेत, त्यांची गणना कुठल्याच पाहणीत नीट होत नाही. रत्नागिरी-सोलापूर महामार्ग मोठा झाला आणि मंगळवेढ्याच्या आजूबाजूला टायरची दुकानं वाढली. पूर्वी अशा दुकानावर बहुधा एखादा केरळी माणूस असायचा. महाराष्ट्रभर हायवेला पंक्चर काढायला केरळमधून लोक आले, हे कोणी तरी एकदा नीट लिहायला हवं. आता आमची पोरंही बसलीत. ऊस सुरू झाला की कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, या सगळ्यांना टायर लागतात आणि क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरल्यामुळे ते फुटतातही भरपूर. बैलगाडीसाठी टायर कंपन्या वेगळी जात काढतात, पण आमच्याकडे जुन्याच टायरवर भागतं. जुना टायर टाकून न देता त्यावर नवा ट्रेड चढवायचा, त्याला रिमोल्डिंग म्हणतात. एसटी महामंडळाचे स्वतःचे असे नऊ प्रकल्प आहेत. खाली झिजलेला टायर पुन्हा रस्त्यावर येतो, आणि त्यामागे मेकॅनिकच्या बरोबरीने टायर खात्याची माणसं असतात. रिमोल्डिंगचं एक छोटं युनिट टाकायला मोठ्या कारखान्यासारखी कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. वाळूजहून परत आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने सोलापूर रस्त्याला भावाबरोबर ते केलंय. पहिल्या वर्षी त्याने टायर कमी आणि उधारी जास्त चढवली. आता उधारीची वही बंद केली आहे, म्हणतो.

तब्येतीबद्दल पोरांशी मी स्पष्ट बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रबर कारखान्यातल्या कामाला कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात घातलंय. त्यामागे मुख्यतः जुनी रसायनं आहेत. त्यांतलं एक ब्रिटनमध्ये १९४९ सालीच मागे घेतलं गेलं, कारण कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत होता. २०१० पासून युरोपने टायरमधल्या घातक तेलांवर मर्यादा आणली, आणि तिकडे माल पाठवायचा म्हणून आपल्या कंपन्यांनाही तेलं बदलावी लागली. आज चांगल्या कारखान्यात धूर ओढणारी यंत्रणा असते, मास्क देतात. पण मास्क लावून क्युरिंगच्या उष्णतेत आठ तास उभं राहायचं म्हणजे काय, हे मास्क वाटणाऱ्याला ठाऊक नसतं. छोट्या शेडमध्ये तर खिडकी हीच यंत्रणा. पोरांना मी दोनच गोष्टी सांगतो : मिक्सिंगला असशील तर जेवायच्या आधी हात कोपरापर्यंत धू, आणि वर्षाची तपासणी झाली की रिपोर्टची प्रत माग. प्रत द्यायला कंपनी नाखूश असते. तू माग.

मुलींचंही सांगायला हवं. इलेक्ट्रिशियन ट्रेडला आता आमच्याकडे मुली असतात, आणि नवे टायर कारखाने त्यांना तपासणी, चाचणी, काही ठिकाणी तर थेट यंत्रावरही घेतात. टायर उचलायचं काम यंत्राने घेतल्यामुळे हे शक्य झालं, म्हणजे ज्या बदलाने पोरांच्या अंगमेहनतीच्या जागा कमी केल्या त्यानेच मुलींना आत येऊ दिलं. कंपनीला त्या टिकून काम करणाऱ्या वाटतात. बापांना रात्रपाळी खटकते. बोराळ्याच्या एका मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, पगार राहू द्या, वसतिगृहाला गेट आहे का?" गेट होतं. मुलगी गेली, आणि घरी पैसे पाठवते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांचा बराचसा भाग मालकांना मोकळीक देणारा आहे. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. पण दोन गोष्टी पोरांच्या उपयोगाच्या आहेत. मुदतीच्या नोकरीवर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पूर्वी पाच वर्षं लागायची. आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. पहिलीपेक्षा मला दुसरी मोलाची वाटते. मरवड्याच्या एका पोराच्या पगारातून ठेकेदार दरमहा फंड कापत होता आणि भरत नव्हता. पासबुक मोबाइलवर उघडून बघायला त्याला शिकवलं तेव्हा कुठे ते कळलं. तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न आला, तुम्ही त्यांच्याकडे होतात याचा कागद काय? कागद म्हणून त्याच्याकडे गेटपासचा फोटो होता.

म्हणून यंदाच्या भरती मेळाव्याला बोलावलेल्या सगळ्या कंपन्यांना मी आधीच कळवलंय : नेमणूकपत्राचा नमुना मराठीत आणा, त्यात मालकाचं नाव पहिल्या ओळीत लिहा, आणि ते मुलांसमोर वाचून दाखवा. प्राचार्य म्हणाले, अशाने कोणी येणार नाही. काहींनी होकार कळवला आहे, एका टायर कंपनीने नमुना पाठवलासुद्धा. मनुष्यबळवाल्या एका संस्थेने मात्र उलट विचारलंय की मालकाच्या रकान्यात दोन नावं लिहिली तर चालतील का.